नखाखालचा पुरावा

माननीय साडूभाऊ यांस,

नमस्कार. तीन वर्षांनी करतो आहे, तेव्हा दोन्ही हातांनी धरावा. एका हाताने धरून दुसऱ्याने चष्मा सावरू नये. नमस्कार हलका असला तरी त्याच्या खाली कुणाचा तरी पाय असू शकतो.

आपली प्रकृती उत्तम असणार याबद्दल मला शंका नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, दिवसभर बसून काम, आणि हातात येणारी सगळ्यात जड वस्तू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. ताईंचे गुडघे कसे आहेत? सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे हिच्याकडून कळलं. (ही, म्हणजे माझी बायको आणि आपल्या सौभाग्यवतींची, म्हणजे ताईंची, धाकटी बहीण, दर रविवारी तुमच्याकडे येते आणि मी येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल अशी आशा आहे.) सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि तो मी मुद्दाम पाठवला आहे असं सांगा, नाहीतर तुम्ही वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याबरोबर आल्यासारखा सांगाल. आम्ही सगळे ठीक आहोत. माझ्या उजव्या पायाचा अंगठा सोडून.

हे पत्र त्या अंगठ्याबद्दल आहे. समेटाचं पत्र आहे असा कुणाचा समज झाला असेल तर त्यांनी ते इथेच घडी घालून ठेवावं. मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. आमचे मास्तर सांगायचे, आरोप करायचा तर पुरावा हातात ठेवून करा, नाहीतर गप्प बसून पाढे म्हणा. मी तीन वर्षं गप्प बसलो ते त्यामुळे. आता पुरावा मिळणार आहे, तोही सरकारी शिक्क्याच्या कागदावर, म्हणून लेखणी उचलली.

पुढे तपशिलात घोळ नको म्हणून तो दिवस पुन्हा एकदा लिहून ठेवतो. सासूबाई दुसऱ्या मजल्यावरची आपली खोली सोडून तुमच्याकडे राहायला निघाल्या होत्या. गाद्या गेल्या, भांडी गेली, ट्रंक गेली. त्या स्वतः खाली टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. राहिलं होतं त्यांचं शिलाई मशीन. मशीनचं डोकं दोघी बहिणींनी मिळून खाली नेलं. बिडाचा स्टँड, चाक आणि पायडलसकट, तुमच्या-माझ्या वाट्याला आला. तुम्ही वरच्या बाजूला, मी खालच्या. (वरची बाजू कुणी मागून घेतली हे मी उकरून काढत नाही. तुम्ही वयाने मोठे आहात, आणि मोठ्या माणसाला सोपी बाजू मिळते, हे मी समजू शकतो.) पहिल्या मजल्याच्या वळणावर तुमचा चष्मा घामाने नाकावरून घसरला. चष्मा पडला असता तर काच फुटली असती. स्टँड पडला तर काही फुटणार नव्हतं, कारण त्याच्या खाली माझा पाय होता. तुम्ही शांतपणे एक हात काढलात आणि चष्मा वर केलात. ज्या हाताला केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून श्वास रोखता येतो, त्या हाताला आणखी तीन पायऱ्या धीर धरवला नाही.

त्यानंतर तुम्ही मला एक प्रश्न विचारलात. शब्द माझे नाहीत, तुमचेच आहेत. “लागलं का हो?” बिडाचा स्टँड माझ्या अंगठ्यावर उभा होता, साडूभाऊ. माझ्या तोंडून आवाजसुद्धा फुटत नव्हता. आणि तुम्ही चौकशी करत होतात, जशी एखाद्याच्या हाताला पानाचा चुना लागला तर करतात. मी तुमच्याशी बोलणं सोडलं ते स्टँडमुळे नाही, त्या प्रश्नामुळे. (जिन्यात त्यानंतर आणखीही एक गोष्ट घडली, पण ती मुद्द्याची नाही.) त्या दिवशी माझ्या पायात तपकिरी चामड्याचे नवे बूट होते. बुटांच्या दुकानात नोकरीची पंचवीस वर्षं पुरी झाली म्हणून मालकांनी स्वतःच्या हाताने दिलेले. घरी आल्यावर मी ते बूट काढले, न पुसता, न बघता खोक्यात घातले, खोक्याला तीन ठिकाणी सुतळी बांधली आणि वर ‘पुरावा’ असं लिहून कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. ते खोकं अजून तसंच आहे. ही दर सणासुदीच्या साफसफाईत विचारते, हे टाकायचं का. मी म्हणतो, हात लावू नकोस.

आठवड्याभरात पायाची सूज उतरली. मी चालू लागलो, म्हणजे नुसतं पायाने. तुमच्याशी बोलणं-चालणं नाही. मग दीड वर्षापूर्वी उजव्या अंगठ्याचं नख पुढून उचलायला लागलं. खाली काहीतरी गुलाबी, टणक, बोटाने दाबलं तर न दबणारं. आता तुम्हाला माहीत आहे की अठ्ठावीस वर्षं मी दुकानात छोट्या बाकावर बसून लोकांच्या पायात बूट चढवतो आहे. झिजलेला तळ बघून मी सांगतो की माणूस कुठल्या टाचेवर भार देतो. वाकलेल्या टोकावरून सांगतो की जिना चढताना पाय नीट उचलत नाही. बूट खोटं बोलत नाही, बोलतो तो त्यातला माणूस, हे मी नव्या पोरांना शिकवतो. असा मी, स्वतःच्या अंगठ्याच्या बाबतीत दीड वर्षं चुकत राहिलो. आधी म्हटलं, नख आत वाढलंय. कापलं. अजून कापलं. कापायला नख उरलं नाही तरी ते टणक होतं तिथेच होतं. मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने कुरूप म्हणून पट्टी दिली. पट्टीने सभोवतालची निरोगी कातडी सोलून निघाली आणि मधलं टणक प्रकरण आणखी उठून दिसायला लागलं. आमच्या गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, चामखीळ आहे, दोरा बांधा. दोरा बांधायला त्याला मान नव्हती. नेहमीच्या डॉक्टरांनी बुरशी म्हटलं आणि सहा महिने जांभळं औषध लावायला लावलं. सहा महिन्यांनी बुरशी बरी झाली असावी, कारण ती मुळात नव्हतीच, पण अंगठा मात्र शाळेतल्या दौतीत बुडवल्यासारखा दिसायला लागला.

दरम्यान बंद बूट घालणं अशक्य झालं, आणि मालकांचा नियम असा की दुकानात प्रत्येकाने दुकानातलाच बंद बूट घालायचा. मग मी चामडं कापायच्या सुरीने उजव्या बुटाला अंगठ्यावर एक खिडकी कापली. कडा शिवून घेतल्या, काम नीटस झालं. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, “अरे, हॉटेलात वाढणाऱ्याच्या ताटात माशी दिसल्यासारखं आहे हे.” तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, तो हवा खेळणारा बूट दाखवा, ह्यांच्या पायात आहे तसा. मालक माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, तो एकाच पायाचा येतो. त्यानंतर त्यांनीच मला हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली.

हाडांच्या डॉक्टर सरकारी इस्पितळातल्या एक बाई आहेत, माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं आमच्या मास्तरांसारखं. त्यांनी अंगठा चिमटीत धरून इकडून तिकडून बघितला, एक्स-रे काढायला लावला आणि तो उजेडाच्या पाटीवर लावून मला म्हणाल्या, “हे नख नाही, कातडी नाही, हाड आहे. हाडाला कोंब फुटलाय.” मी बघितलं. खरंच, अंगठ्याच्या शेवटच्या हाडाच्या टोकाला एक फुगवटा होता, वर नखाकडे तोंड करून. मग त्यांनी विचारलं, “कधी मार लागला होता का?”

साडूभाऊ, या प्रश्नाची मी तीन वर्षं वाट बघत होतो. मी खुर्ची पुढे ओढली आणि सासूबाईंच्या खोलीपासून सुरुवात केली. ट्रंकेपर्यंत त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, “थोडक्यात, पायावर काहीतरी पडलं. याच पायाला ना?” मी म्हटलं, अर्थात. “बरं, एरवी काय करता? फुटबॉल? धावणं? लाथा मारायचा कुठला खेळ?” मी म्हटलं, “बाई, मी लोकांच्या पायांत बूट घालतो. माझ्या कामात लाथ मिळू शकते, मारता येत नाही.” त्या हसल्या. मी नाही हसलो.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नीट लक्ष देऊन ऐकलं आणि तुम्हीही तसंच वाचा, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. नखाखाली अशी हाडाची साधी वाढ दोन प्रकारची असते. साधी म्हणजे जिवाला धोका नसलेली, पसरत न जाणारी. दोघींना डॉक्टरी भाषेत लांबलचक नावं आहेत. मी त्यांना ‘मारातली’ आणि ‘वाढीतली’ म्हणतो. मारातली बहुतेक वेळा दुखापतीनंतर येते, किंवा सतत घासून, कधी जखम चिघळून. ती हाडाच्या अगदी टोकाशी असते, वर चिकटवल्यासारखी, हाडाच्या आतल्या गराशी तिचा संबंध नसतो. वाढीतलीला माराची गरजच नसते. माणूस पोरवयात वाढत असतो तेव्हा बोटाचं हाड मागून जिथून लांब होतं, तिथून ती निघते आणि तिचा आतला गर मूळ हाडाच्या गराशी जोडलेला असतो. दोघींच्या डोक्यावर कूर्चेची टोपी असते. टोपीचं कापड मात्र वेगळं. बाहेरून बघून भलेभले फसतात. फोटोवरून अंदाज येतो. खात्री करायची तर काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून टोपी तपासायची.

मी विचारलं, माझी कुठली. म्हणाल्या, “जागा बघता मारातली वाटते. पण दोन्ही तरुण माणसांत जास्त दिसतात. तुमचं वय दोन्हीकडे बसत नाही.” (माझं वय आता कशातच बसत नाही, हे मला मालकांनी आधीच सांगितलं होतं.) मी विचारलं, उपचारात फरक काय. “काही नाही. नख उचलायचं, कोंब मुळापासून काढायचा. मुळाशी जरा राहिला तर पुन्हा येतो.” मग कुठली ते कळून उपयोग? “तुम्हाला काहीच नाही. आम्हाला नोंदीसाठी.” मी म्हटलं, डॉक्टर, उपयोग मलाच आहे. रिपोर्टात स्वच्छ लिहून पाहिजे, मारातली का वाढीतली. एका माणसाला दाखवायचाय. त्यांनी विचारलं, कुणाला. मी म्हटलं, साडूंना. त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर मी वाचलं. ‘रुग्ण बोलका आहे’ असं होतं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे दोन्ही साधीच, दोन्ही बाहेरून सारखीच, आणि दोन्ही मुळापासून काढायला हवीत. बाई तुमच्या अंगठ्याबद्दल बोलत होत्या की तुम्हा दोघा साडूंबद्दल?” तुमच्या मेव्हणीची जीभ तुम्हाला ठाऊक आहे. मी तिथून उठलो. पण विचार मात्र सुटेना. मी सातवीपर्यंत अनवाणी शाळेत गेलो. समजा, वाढीतली निघाली. म्हणजे ती त्या वयापासून माझ्या हाडात गुपचूप बसून होती. मी पाढे म्हणत होतो तेव्हा होती, माझं लग्न झालं तेव्हा होती, तुमच्या-माझ्या पंगती एकत्र बसायच्या तेव्हाही होती. तुम्ही चष्मा सावरला असता किंवा नसता, ती यायचीच होती. मग मी तीन वर्षं कुणावर रागावलो? स्वतःच्याच हाडातून निघालेल्या गोष्टीसाठी माणसाने कुणाच्या दाराकडे बोट दाखवायचं? असे विचार शांत माणसाला बरे नाहीत. सकाळी देवापुढे बसलो. मी देवाकडे काही मागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, मुलीच्या परीक्षेच्या वेळीसुद्धा नुसतं बसून उठलो होतो. त्या दिवशी मात्र मागितलं. म्हटलं, देवा, हाड माराचंच निघू दे. मागितल्यावर थोडी लाज वाटली. पण मागणं परत घेतलं नाही.

तेव्हा आता स्पष्ट लिहितो. येत्या बुधवारी ऑपरेशन आहे. तुकडा तपासायला जाईल. रिपोर्ट मारातली म्हणून आला, तर तुम्ही माझ्या घरी यायचं, हिच्या आणि ताईंच्या देखत, दारात उभं राहून, दोन्ही हात मोकळे ठेवून, ‘चूक माझी’ असं म्हणायचं. सौम्य शब्द चालणार नाहीत. ‘झालं गेलं’ चालणार नाही. ‘लागलं का हो’ तर मुळीच चालणार नाही. सुतळीचं खोकं मी पट्टी बदलायच्या दिवशी डॉक्टरांसमोर फोडणार आहे, म्हणजे हाडाच्या पुराव्याला चामड्याचा पुरावा जोडला जाईल. आणि रिपोर्ट वाढीतली म्हणून आला, तर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही, कारण तशी वेळ येणार नाही. मी झुकणारा माणूस नाही. माझं काम वाकायचं आहे, अठ्ठावीस वर्षं वाकतो आहे, पण तो बाक सोडला की मी ताठ असतो. हे तुम्ही नीट समजून असा.

लहानथोरांस यथायोग्य, तुम्हाला जेवढ्यास तेवढं.

आपला (बायकांच्या नात्याने, नाइलाजाने)
साडू

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. ही म्हणाली, रिपोर्ट आल्यावरच टाका, पुरावा-पुरावा करता आणि पुराव्याआधी पत्र पाठवता. म्हणून थांबलो. ऑपरेशन झालं. मी तुकडा बघायला मागितला. वाटाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा होता, बाटलीत पाण्यासारख्या औषधात तळाशी बसलेला. एवढ्याशासाठी आपण दोघांनी मधे एवढं मोठं अंतर ठेवलं, असं क्षणभर वाटलं. भुलीचं औषध उतरल्यावर वाटेनासं झालं.

आणखी एक ता. क. आज पट्टी बदलायला गेलो. खोकं बरोबर नेलं. डॉक्टरांना म्हटलं, बघा, आणि सुतळी कापली. डाव्या बुटाच्या माथ्यावर खड्डा आहे, साडूभाऊ. स्टँडच्या पायाचा आकार जसाच्या तसा वरून उमटलेला. डाव्या. डॉक्टरांनी माझ्या पट्टीकडे बघितलं. ती उजव्या पायाला आहे. मग त्यांनी परत बुटाकडे बघितलं, याचं मला जास्त लागलं. मी बाजू मांडली. म्हटलं, मी अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाइकासमोर तोंड करून बसतो, त्याचा डावा तो माझ्या उजव्या हाताला येतो, त्यामुळे माझी डावी-उजवी कायमची फिरली आहेत. शिवाय डावा दुखत होता म्हणून सगळा भार उजव्यावर आला, आणि भारानेच उजव्याला कोंब फुटला, म्हणजे जबाबदारी पुन्हा साडूंवरच येते. त्या म्हणाल्या, “आठवड्याभराच्या भाराने हे होत नाही हो.” मी म्हटलं, माझ्या साडूंचा भार तुम्ही उचललेला नाही.

तिसरं ता. क. रिपोर्ट आला. मारातली. टोपीचं कापड, जागा, गराशी संबंध नसणं, सगळं जुळलं. खाली स्वच्छ लिहिलंय, पूर्वीच्या आघातानंतरची साधी वाढ, पूर्ण काढली आहे. डॉक्टर म्हणाल्या, “घ्या, तुम्ही म्हणत होता तेच निघालं. जिंकलात.”

मी रिपोर्ट घेऊन दुकानात आलो. गिऱ्हाईक नव्हतं. बाकावर बसलो आणि बरोबर आणलेल्या खोक्यातला उजवा बूट हातात घेतला, जो मी तीन वर्षांत बघितला नव्हता. तुम्हाला सांगितलंच आहे, बूट खोटं बोलत नाही. वरून पडलेल्या वस्तूची खूण माथ्यावर येते. या बुटाचा माथा साफ आहे. त्याचं टोक आत गेलंय, समोरून, आणि चामड्याला काळा रंग लागलाय, बिडाच्या स्टँडला असतो तो. मला हा बूट कुणी आणून दिला असता तर मी बघताक्षणी सांगितलं असतं, याच्या मालकाने रागाने कशाला तरी सगळ्या ताकदीने लाथ मारली आहे.

वर मी कंसात लिहिलंय की जिन्यात आणखी एक गोष्ट घडली आणि ती मुद्द्याची नाही. तीच मुद्द्याची आहे. तुम्ही ‘लागलं का हो’ विचारलंत, मी डावा पाय सोडवून घेतला आणि उजव्याने त्या स्टँडला लाथ घातली. ज्या मशीनवर सासूबाईंनी शाळेचे गणवेश शिवून दोन मुली वाढवल्या, त्यातली एक माझ्या घरात आहे, त्या मशीनला. त्या खाली टेम्पोत बसल्या होत्या, त्यांना दिसलं नाही. दोघी बहिणींना दिसलं नाही. फक्त तुम्हाला दिसलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “अहो, त्याला कशाला मारता, तुमचाच पाय दुखेल.” हे वाक्य मी विसरलो होतो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. आधीचं वाक्य मोठ्याने आठवत राहिलो, म्हणजे हे ऐकू येऊ नये.

शेवटचं ता. क. काल हिला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी जिन्यात मी नंतर काय केलं, हे भाऊजींनी कधी ताईंना सांगितलं का? ही म्हणाली, “नाही. ते एवढंच सांगतात, माझ्या हातून सुटला, चूक माझी. आईने एकदा विचारलं, मशीनचं पायडल का करकरतं, तर म्हणाले, पडलं ना माझ्याकडून, आणि घड्याळाचं तेल घालून बसले.” तीन वर्षं. दर रविवारी. म्हणजे दारात उभं राहून जे वाक्य मी तुमच्याकडून मागत होतो, ते तुम्ही माझ्या वाट्याचंही म्हणून टाकलं होतंत. हे तुम्ही बरं केलं नाहीत. माणसाला रागवायला थोडी तरी जागा ठेवायची असते.

वरचं सगळं पत्र मी फाडत नाही. जे लिहिलं ते लिहिलं, आणि चष्म्याबद्दल माझं मत कायम आहे. पण काम असं आहे. येत्या रविवारी मला हिच्याबरोबर तुमच्याकडे यायचंय. सासूबाईंच्या मशीनला माझा पाय लागला होता. एकदा हात लावायचाय, आणि तो का लावला हे त्यांना माझं मीच सांगणार आहे, तुम्ही मधे बोलायचं नाही. अडचण एवढीच की तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, माझ्या पायाला पट्टी आहे आणि त्यावर भार द्यायची मनाई आहे. मला धरून वर न्यायला माणूस लागेल. तुम्ही वरच्या बाजूला राहा, मी खालच्या राहीन. चष्म्याला दोरी बांधून या.

आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर जरा थांबून विचारा, ‘लागलं का हो’. या वेळी उत्तर देईन.